बारा श्वासांचा दगड

सभागृहात एकशे सेहेचाळीस माणसं होती. दाराबाहेर चपला-बूट दोनशे त्र्याण्णव. तो एक जादाचा बूट कुणाचा, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. पंखे चार, त्यांतला फिरणारा एक. खिडक्या सहा. पाच उघड्या आणि सहावी, मंचाच्या मागची, फळ्या ठोकून बंद. तिच्यावर जांभळा पडदा. मंचावर काचेच्या दोन मोठ्या बरण्या, गळ्यापर्यंत औषधाच्या गोळ्यांनी भरलेल्या. बरण्यांच्या मधोमध एक दगड, गुडघाभर उंचीचा, भोपळ्यासारखा गोलसर.

आणि दगड श्वास घेत होता.

"हुंऽऽ."

मग शांतता. मग पुन्हा, "हुंऽऽ."

दगडाने श्वास घेतला की सगळं सभागृह श्वास घ्यायचं. एकशे पंचेचाळीस छात्या एकदम फुगायच्या आणि एकदम बसायच्या. एकशे सेहेचाळिसावी माझी. ती फुगली नाही, कारण मी घड्याळाकडे बघत होते. पाच मिनिटांत साठ श्वास. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही. साठ.

मला मोजायची खोड आहे. विज्ञानाची पदवी नंतर मिळाली, खोड आधीपासूनची. मावशी शिवणकाम करते, त्यामुळे घरात माझं नाव मोजपट्टी पडलं. मावशीकडचं झोपलेलं मांजरसुद्धा मी मोजलेलं आहे: एका मिनिटात चोवीस श्वास, पुढच्या मिनिटात सत्तावीस, स्वप्नात काही पळालं की पस्तीस. जिवंत प्राणी इतक्या शिस्तीत श्वास घेत नाही.

"ऐका!" मंचावरून श्वासगुरू म्हणाले. पांढरा झगा, पांढरी दाढी, बोटात चार अंगठ्या. "शिळा मिनिटाला किती श्वास घेते?"

"बाराऽ!" सभागृह.

"घड्याळात आकडे किती?"

"बाराऽ!"

"वर्षात महिने किती?"

"बाराऽ!"

"हा योगायोग असेल का हो?" त्यांनी डोळे मिटले. "सगळं विश्व म्हणजे लहरी. लहरी म्हणजे कंपन. कंपन म्हणजे प्राण. विज्ञानाला हे आत्ता आत्ता कळायला लागलंय, या शिळेला आधीपासून माहीत आहे. माझा स्पीकरचा धंदा होता, तुम्ही सगळे जाणता. याच जागेत दुकान होतं. एक दिवस धंदा बुडाला. एकही स्पीकर नीट वाजेना. मी इथेच डोकं धरून बसलो आणि मला हा श्वास ऐकू आला! जो या श्वासात आपला श्वास मिसळेल, त्याला औषध कशाला? गोळी ठेवा..."

"श्वास घ्याऽ!" सभागृह.

त्या अख्ख्या प्रवचनात खरं वाक्य एकच होतं, धंदा बुडाल्याचं. पण ते मला चार दिवसांनी कळलं.

तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी माझी मावशी बसली होती. डोळे मिटून, पाठ ताठ, श्वास अगदी तालात.

परतीच्या वाटेवर तिने माझ्याकडे तिरकं बघितलं. "काय गं, असं तोंड का केलंस? दगडाने तुझी खोडी काढली का?"

"मावशी, तू गोळ्या कधीपासून बंद केल्यास?"

"सतरा दिवस झाले. आणि सतरा दिवसांत एकदाही डोकं दुखलं नाही. झोप कशी लागते, विचारूच नकोस."

"हळू श्वास घेतला की शांत वाटतंच. त्यात दगडाचा काय संबंध? आणि रक्तदाब वाढला म्हणून डोकं दुखलंच पाहिजे असं कुठे आहे?"

"मग दुखतही नाही, खुपतही नाही, तर गोळी गिळायची कशासाठी?"

"घरी यंत्र आहे. मोजूया."

"गुरू म्हणतात, यंत्र दंडाला आवळलं की लय तुटते."

"मावशी, एखादं गिऱ्हाईक दारात उभं राहून म्हणालं, 'मला साधारण मध्यम लागतं', तर तू कापड कापशील?"

"हाकलून देईन. माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही."

"मग स्वतःचं माप कधी घेणार?"

तिने चालण्याचा वेग वाढवला. पुढचं वाक्य मी गिळलं, कारण ते आम्हा दोघींना पाठ होतं. माझी आई तिची थोरली बहीण. मी दहावीत असताना ती गेली. 'आता बरं वाटतंय' म्हणून तिनेही गोळ्या बंद केल्या होत्या. एका सकाळी दात घासता घासता तिचा उजवा हात लुळा पडला, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्या दिवसापासून मी मावशीकडे.

कोपऱ्यावर आल्यावर मावशी थांबली. "बुधवारी महामौन आहे. गुरू सांगतील आणि दगड चाळीस मिनिटं श्वास रोखून धरेल. त्यानंतर सगळे उरलेल्या गोळ्या बरणीत टाकणार, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या फाडणार आणि शपथ घेणार, की पुन्हा औषधाला हात लावणार नाही."

"तूही?"

"मीही."

"आणि बुधवारच्या आत मी दाखवून दिलं की दगड कशावर चालतो, तर?"

तिने मला नखशिखान्त न्याहाळलं, गिऱ्हाइकाला न्याहाळावं तसं. "तर गोळ्या चालू करीन. आणि नाही दाखवू शकलीस, तर महिनाभर माझ्याकडे बसून काज-बटणं करायची. तोंडातून अवाक्षर न काढता."

"अवाक्षर न काढता?"

"तेच तुला जड जाणार."

पाच सेकंदांनी एकदा. हा आकडा माझ्या ओळखीचा होता. चार महिने मी रोज आठ तास त्याच्या संगतीत काढत होते.

गावामागच्या टेकडीवर रडार केंद्र आहे. दोन खोल्या, एक लोखंडी मनोरा, आणि मनोऱ्यावर खोलीएवढी वाकवलेली केशरी जाळी, सतत फिरणारी. ती सेकंदाला हजारभर वेळा रेडिओलहरींचा ठोका हवेत फेकते. ठोका विमानावर आपटून परत आला, की किती वेळ लागला त्यावरून विमान किती दूर आहे हे समजतं. एक विमान म्हणजे एक ठिपका; हे ठिपके तारेने विमानतळावरच्या टॉवरकडे जातात, आणि तिथली माणसं पडद्यावर बघून कुणाला थांब, कुणाला उतर, कुणाला वळ असं सांगत बसतात. जाळीचा एक फेरा पाच सेकंदांचा. मिनिटाला बारा.

मी तिथे शिकाऊ तंत्रज्ञ. माझे वरिष्ठ म्हणजे तेलकाका. अठ्ठावीस वर्षं त्या जाळीच्या गिअरपेटीत तेल घालत आलेले. जाळीला ते म्हातारी म्हणतात.

सोमवारी सकाळी मी विचारलं, "काका, म्हातारीमुळे एखादा दगड श्वास घ्यायला लागेल का?"

"दगडाचं माहीत नाही. पण रेडिओला ढेकर येतात."

ते उठले आणि चहाच्या खोलीतल्या फडताळातून एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा काढला. डब्यात जुना रेडिओ होता, जोडलेल्या स्पीकरची लांब तार गुंडाळून ठेवलेली. त्यांनी रेडिओ बाहेर काढला, तार टेबलावर सोडली आणि बटण फिरवलं.

"टर्र." पाच सेकंद. "टर्र." पाच सेकंद. "टर्र."

"हे म्हातारीचे ढेकर," तेलकाका म्हणाले. "जाळीचं तोंड आपल्याकडे वळलं की लहर थेट इथे येते. लांब तार ती झेलते, आणि असली स्वस्तातली यंत्रं जे ऐकायला नको ते ऐकतात. काही शेजारीपण तसेच असतात." त्यांनी रेडिओ परत डब्यात घातला आणि झाकण लावलं. ढेकर बंद. "पत्र्यातून लहर आत जात नाही. बातम्या ऐकायच्या तर उतारावर घेऊन जातो, टेकडीच्या आडोशाला."

अर्धं कोडं सुटलं. पण टेकडीवर आवाज येत होता "टर्र", आणि सभागृहात "हुंऽऽ". ढेकराचा श्वास कसा होतो, ते काकांनाही सांगता येईना.

दुसरं अर्धं कोडं मला मंगळवारी खिडकीतून दिसलं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पांढरा झगा चढण चढून फाटकापाशी आला, हात जोडले, मान झुकवली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

"रोज येतो," तेलकाका म्हणाले. "भाविक माणूस. टेकडीला नमस्कार करतो."

"काका, टेकडी मागे आहे. तो डावीकडे बघतोय."

तेलकाका खिडकीशी आले. फाटकाच्या डाव्या खांबावर सूचनाफलक होता. त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: 'बुधवार, सकाळी १०:०० ते १०:४०. देखभालीसाठी अँटेना बंद. क्रेन येणार, रस्ता मोकळा ठेवावा.'

"चाळीस मिनिटं," मी म्हणाले.

"गेल्या आठवड्यात आपण बुधवारचं काम शुक्रवारी ढकललं होतं."

"आणि दगडाने गेल्या आठवड्यात मौन शुक्रवारी पाळलं. मावशी म्हणाली, गुरूंना आदल्या रात्री स्वप्न पडलं होतं."

तेलकाकांनी त्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. "अठ्ठावीस वर्षांत," ते हळूच म्हणाले, "माझी सूचना इतक्या मनापासून कुणी वाचली नव्हती."

"काका, उद्या एक दिवस दहाऐवजी..."

"नाही."

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

"तुझ्या दगडासाठी म्हातारी एक सेकंद इकडची तिकडे होणार नाही. वर माणसं बसलेली असतात विमानात. ती तेलासाठी थांबते, तमाशासाठी नाही." मग त्यांनी चष्मा पुसला. "पण तुझ्या गुरूला एक माहीत नाही. फलकावर लिहितो तो आपला बेत. शेवटचा शब्द टॉवरचा. त्या दिवशी फोन करायचा, 'घेऊ का बंद?' हवा चांगली असेल तर 'घ्या' म्हणतात. खराब असेल तर 'हात लावू नका'. या दिवसांत तर आठवड्याआड नकार येतो."

बुधवारी पहाटे मी दार उघडलं तर समोरचं घर दिसत नव्हतं. इतकं दाट धुकं की कुंपणापाशी जाऊन मला कुंपण सापडलं.

सभागृहात दोनशे बारा माणसं होती. चपला मोजायला वेळ झाला नाही. मी मावशीशेजारी बसले. तिच्या मांडीवर गोळ्यांचं शेवटचं पाकीट होतं, आत अकरा गोळ्या, आणि घडी घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी.

दहाला एक मिनिट असताना श्वासगुरूंनी दोन्ही हात वर केले. "हे शिळे! बारा श्वासांची तू, आज माझ्या शब्दाखातर श्वासहीन हो! तीन... दोन... एक... थांब!"

"हुंऽऽ."

गुरू हसले. "हा शेवटचा होता."

"हुंऽऽ."

"तिला आमचा मोह सोडवत नाही, बघा. थांब!"

"हुंऽऽ."

"थांब म्हणतो ना!"

"हुंऽऽ."

तीन मिनिटांत छत्तीस. मी वहीत एकेक रेघ मारत होते. गुरूंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांची नजर सभागृहभर फिरली आणि माझ्या वहीवर येऊन थांबली.

"मोजतेय!" ते गरजले. "कुणीतरी मोजतंय! जिथे मोजणी, तिथे मौन नाही! ती बघा, तिसऱ्या रांगेत!"

दोनशे अकरा माना वळल्या. मी खरंच मोजत होते, नाही कशी म्हणू? पुढच्या रांगेतले निवृत्त पोस्टमन मागे वळले आणि कळवळून म्हणाले, "मुली, नको गं मोजूस. त्याला अवघडल्यासारखं होत असेल."

मी वही मिटली आणि पेन पोस्टमनकाकांच्या हातात दिलं.

"हुंऽऽ," दगड म्हणाला.

पुढचा तासभर गुरूंनी बरंच काही करून पाहिलं. दिवे घालवले. सगळ्यांना पाठ फिरवून बसायला लावलं. ज्यांनी सकाळी न्याहारी केली होती त्यांना बाहेर काढलं आणि पाऊण सभागृह रिकामं झाल्यावर परत आत बोलावलं. दगड ढिम्म. मिनिटाला बारा.

अकराला पाच मिनिटं असताना माझ्या फोनवर तेलकाकांचा निरोप आला. 'धुकं निवळलं. टॉवरचा होकार. ११:१० पासून पंचवीस मिनिटं.'

मी उभी राहिले.  भाषण मी शाळेतसुद्धा कधी केलेलं नाही.

"दगड अकरा वाजून दहा मिनिटांनी थांबेल," मी म्हणाले. "पंचवीस मिनिटांनी परत सुरू होईल."

गुरू तुच्छतेने हसले. "आजची सभा संपली. शिळा दमली आहे."

"बसा हो गुरुजी," मावशी म्हणाली. तिचा आवाज शिवणाच्या मशीनवरून बोलून बोलून मोठा झालेला आहे. "आमची भाची काही वेळा चुकते. चुकली तर तिला काज-बटणं करायची आहेत. पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे. आम्ही तुमच्यासाठी एकवीस दिवस थांबलो."

अकरा वाजून नऊ मिनिटं पंचावन्न सेकंद. "हुंऽऽ."

अकरा दहा. काही नाही.

अकरा दहा आणि पाच. काही नाही. एखादं मिनिट गेलं. तो एकच पंखा किती करकरतो, ते सगळ्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं.

आणि मग जे झालं त्याचा मी मुळीच विचार केला नव्हता. पोस्टमनकाका उठले, माझ्यासमोर आले आणि वाकायला लागले.

"काका, काय करताय!"

"बाई, तुम्ही बोललात आणि तो थांबला. माझा हा गुडघा दोन वर्षं..."

"काका, मी टेक्निशियन आहे!"

"तेच तर म्हणतोय! गुडघ्याचं टेक्निकच बिघडलंय."

त्यांच्या मागे रांग लागायला लागली. एका आजींनी बाळ माझ्या हातात दिलं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर मला झगा शिवून घ्यावा लागला असता.

"मावशी," मी बाळ परत करत ओरडले, "ती खिडकी उघड!"

मावशी मंचावर चढली. तिने पडदा ओढून फाडला नाही. चांगलं कापड फाडणं तिला या जन्मी जमणार नाही. पर्समधून छोटी कात्री काढून तिने वरचे सहा टाके उसवले, पडदा घडी करून खुर्चीवर ठेवला, आणि म्हणाली, "आता या फळ्यांचं बघा कुणीतरी."

दोघा-तिघांनी फळ्या उपटल्या. खिडकी करकरत उघडली.

समोर टेकडी, स्वच्छ. टेकडीवर मनोरा, मनोऱ्यावर केशरी जाळी. जाळी थांबलेली होती. तिच्या खाली, शिडीवर, तेलाचा डबा घेतलेला एक माणूस उभा होता.

"ते बघा तुमचं मौन," मी म्हणाले. "त्याला तेल घालतायत."

 सगळे खिडकीपाशी गोळा झाले, मागचे खुर्च्यांवर चढले. मी सांगितलं: अकरा पस्तीसला जाळी फिरायला लागेल. तिचं तोंड आपल्याकडे वळेल त्याच क्षणी दगड श्वास घेईल. आधी नाही, नंतर नाही. विश्वास ठेवू नका, बघा आणि मोजा.

अकरा पस्तीस. जाळी हलली. पहिले काही फेरे नुसतेच गेले. काका लहर नेहमी जाळी तालात आल्यावर सोडतात. मग तिचं तोंड आमच्याकडे वळलं.

"हुंऽऽ."

"योगायोग!" गुरू म्हणाले.

जाळी पाठमोरी झाली, फिरली, पुन्हा समोर आली.

"हुंऽऽ."

तिसऱ्या फेऱ्याला पोस्टमनकाका बोट वर करून उभे होते. "आली... आली... आली... हुं!" आणि दगड म्हणाला, "हुंऽऽ." चौथ्या फेऱ्याला त्यांच्याबरोबर वीसेक माणसं होती. सातव्याला सगळं सभागृह टेकडीकडे बघत जाळीच्या तालावर "हुं!" करत होतं आणि दगड एकटाच गंभीर होता.

गुरूंनी घसा साफ केला. त्या माणसाच्या चिकाटीचं मला आजही कौतुक वाटतं. "बघितलंत?" ते म्हणाले. "टेकडीच श्वास घेते! मी वेगळं काय सांगत होतो?"

उत्तर मावशीने दिलं, पण तोंडाने नाही. तिने वाकून दगड उचलला. एका हाताने. सभागृहाने 'अगं अगं' केलं. दगड प्लास्टरचा होता, आत पोकळ. पोकळीत एक स्पीकर. स्पीकरची तार मंचाच्या फटीतून खाली एका पेटीत गेली होती, आणि पेटीतून दुसरी लांब तार त्या सहाव्या खिडकीच्या चौकटीभोवती पाच वेढे घेऊन बसली होती. पेटीला बटणं चार. मावशीने चष्मा वर सरकवून वाचलं. "आवाज. जाड. बारीक. आणि हे काय... इको, आवाज घुमवायचं. हे शेवटपर्यंत फिरवलंय."

"शून्यावर आण," मी म्हणाले. माझं राहिलेलं कोडं तिच्या चिमटीत होतं.

तिने बटण उलटं फिरवलं.

जाळी समोर आली.

"टर्र."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "हा तर ढेकर!"

"टर्र," दगड म्हणाला.

हसण्याची पहिली लाट पोस्टमनकाकांपासून निघाली आणि दारापर्यंत गेली. पुढच्या प्रत्येक "टर्र"ला ती परत येत होती. एकवीस दिवस आपण कुणाच्या तालावर श्वास घेत होतो ते कळल्यावर माणूस दुसरं काय करणार?

साडेबाराच्या सुमारास तेलकाका हात पुसत आले. पेटी बघितली, तार बघितली, मग मंचाच्या पायरीवर बसलेल्या गुरूंकडे बघितलं. झगा तोच होता, पण आत आता जुना स्पीकरवाला बसलेला दिसत होता.

"काय रे," तेलकाका म्हणाले, "स्पीकर टरटरायला लागले तेव्हाच वर आला असतास तर? जाळीदार वेष्टणाची, लहर अडवणारी तार लावून दिली असती. दहा मिनिटांचं काम."

स्पीकरवाला मान खाली घालून म्हणाला, "आलो होतो. फाटकावर म्हणाले, अर्ज लिहून आणा, तीन प्रतींत. आणला. मग म्हणाले, साहेब सुट्टीवर आहेत. तोवर गिऱ्हाइकं गेली. मग एकदा चुकून इकोचं बटण फिरलं, आणि एक बाई डोळे मिटून ऐकतच राहिली. ती म्हणाली, हे कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटतं. मी फक्त हो म्हणालो."

"फक्त हो म्हणालास," मावशी म्हणाली, "आणि ह्या दोन बरण्या भरल्या."

 बरण्यांकडे बघायचं त्याने टाळलं.

लोक पांगायच्या आत मला बोलावं लागलं, कारण एक आजोबा बरणीत हात घालून "माझी पिवळी होती, गोल" असं शोधू लागले होते. मी सांगितलं ते एवढंच. सुट्या गोळ्या ओळखता येत नाहीत, तेव्हा बरणीतली एकही घेऊ नका. दवाखान्यात जा, नवी चिठ्ठी घ्या. हळू श्वास घेऊन बरं वाटत असेल तर जरूर घ्या, घरी बसून घ्या, त्याला दगड लागत नाही. पण बरं वाटणं आणि बरं असणं या दोन गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक मोजल्याशिवाय कळत नाही. मलाही नाही. म्हणून मी मोजते. आणि कुणी कधी चमत्कार दाखवला तर भांडू नका, हसू नका, फक्त विचारा: बंद केलेली खिडकी कुठली आणि ती कुठे उघडते?

"आणि माझा गुडघा?" पोस्टमनकाका म्हणाले.

"काका, दवाखाना."

"तिथे रांग असते."

"इथेही होती."

घरी पोचल्यावर मावशी गुपचूप खुर्चीत बसली आणि डावा दंड पुढे केला. मी पट्टा गुंडाळला. यंत्र घूं घूं करत फुगलं, थांबलं, आकडे उतरत गेले. एकशे शहाऐंशी, एकशे बारा. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला. एकशे चौऱ्याऐंशी, एकशे दहा.

ती आकड्यांकडे बघत राहिली. "पण मला तर अगदी बरं वाटतंय गं."

"आईलाही वाटत होतं."

मावशी उठली, पर्समधून ते अकरा गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी तळहातावर ठेवली आणि पाण्याबरोबर घेतली. मग म्हणाली, "चल. दवाखाना दोनपर्यंत उघडा असतो."

डॉक्टर तिला काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही; तिने तशी अट घातली आहे. गोळी तीच ठेवली, जोडीला दुसरी दिली आणि रोज सकाळी माप घ्यायला सांगितलं.

सभागृहात आता स्पीकरचं दुकान पुन्हा सुरू झालंय. तार जाळीदार वेष्टणाची आहे; तेलकाकांनी स्वतः येऊन लावून दिली. सहावी खिडकी उघडी असते. फाटकावर सूचना लागते, ती वाचायला कुणी येत नाही, आणि काकांना त्याचं थोडं वाईट वाटतं.

मावशीची एक मापवही आहे, लांबट, कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. छाती, कंबर, खांदा, बाही. शेवटच्या पानावर तिने वर लिहिलंय 'स्वतः', आणि खाली रोजचे आकडे, तारीखवार, तिच्या त्या तिरक्या अक्षरात. काल बेचाळिसावा दिवस होता. सकाळी सात वाजता, डाव्या दंडावर, पाच मिनिटं शांत बसल्यानंतर: १३२/८४.